'कबूल करून टाक' म्हणण्याआधी: तालुका कोर्टांतल्या वकील सहकाऱ्यांना खुले पत्र

प्रिय सहकारी वकील मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

सकाळी अकराच्या सुमाराला आपल्या कोणत्याही तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात उभे राहा, एक वाक्य हमखास कानावर येते. "कबूल करून टाक, दोनशे भर आणि मोकळा हो." जुगाराची केस असली की पक्षकाराचे नाव नीट विचारायच्या आधीच हे वाक्य आपल्या तोंडातून निघते. मी ते एकवीस वर्षे म्हणत आले. आता म्हणवत नाही. ते का, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. पहिला दोष माझा आहे, तेव्हा सुरुवात माझ्यापासूनच करते.

२०१९ च्या पोळ्याची गोष्ट. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावोगाव पत्त्यांचे डाव बसतात, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. त्या दिवशी पोलिसांच्या गाड्याही फिरतात. एका शिवारात बाभळीखाली बसलेले सहा जण धरले गेले. पंचनाम्यात नेहमीचीच वाक्ये होती: विनापरवाना, पैशावर हारजीतचा खेळ खेळताना मिळून आले, डावावरची रोकड, ५२ ताशपत्ते. कलम १२ (अ), महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक अधिनियम, १८८७. सहाजणांत एक एकवीस वर्षांचा मुलगा होता. तो मला म्हणाला, "मॅडम, मी तं काकाले जेवाले बोलवाले गेलो होतो. मी खेळूनच नाई राहिलो." मी म्हटले, "अरे, सहाजणांची केस आहे. तू एकटा भांडत बसलास तर दोन वर्षे तारखा घेशील. दोनशे रुपयांत विषय संपतो. याने काही होत नाही." हे शेवटचे वाक्य मी अगदी सहज बोलून गेले.

सहाही जणांनी कबूल केले. समरी केस होती, म्हणजे संक्षिप्त रीतीने चालणारी. प्रत्येकी दोनशे रुपये दंड, न भरल्यास काही दिवस कैद. साडेबाराला सगळे एकाच गाडीतून गावाला गेले.

२०२३ मध्ये तोच मुलगा पोलीस भरतीत उतरला. मैदानी झाली, लेखी झाली, निवड यादीत नाव आले. मग चारित्र्य पडताळणीचा फॉर्म आला. आपल्याविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला आहे का, शिक्षा झाली आहे का, या रकान्यांत त्याने 'नाही' लिहिले. का लिहिले? तर वकील मॅडमनी सांगितले होते की याने काही होत नाही म्हणून. पोलीस ठाण्याच्या रजिस्टरला मात्र सगळे होते. निवड थांबली. तो माझ्या ऑफिसात आला तेव्हा दंडाची पावती त्याने आधार कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात जपून आणली होती. शाई जवळजवळ उडाली होती. "मॅडम, याची अपील होते का?" एवढेच त्याने विचारले.

होत नव्हती. मित्रांनो, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, पण पक्षकाराला सांगायच्या वेळी आठवत नाही, म्हणून पुन्हा लिहिते. जुन्या सीआरपीसीचे, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचे, कलम ३७५ आणि ३७६ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४१६ आणि ४१७ झाले आहेत. आरोपीने गुन्हा कबूल केला आणि त्या कबुलीवर शिक्षा झाली, तर दोषी ठरवण्याविरुद्ध अपील नाही. शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे की नाही, एवढ्यापुरतेच दार उघडे राहते. त्यातही प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी फक्त दंड केला असेल आणि तो शंभर रुपयांपर्यंत असेल, किंवा संक्षिप्त रीतीने चाललेल्या केसमध्ये दोनशेपर्यंत असेल, तर तेही दार बंद. दंड न भरल्यास कैद, असे निकालात लिहिलेले असले तरी त्याने अपिलाचा हक्क मिळत नाही. दंडाच्या जोडीला कोर्ट उठेपर्यंतची कैद दिली असेल, तर मात्र मिळतो. म्हणजे शिक्षा जितकी लहान, तितका माणूस वरच्या कोर्टापासून लांब. लहान शिक्षेने माणसाचे काही बिघडत नाही, अशी कायद्याची समजूत आहे. दंडाची रक्कम ठरली तेव्हा ती खरी असेलही. आज भरतीच्या फॉर्मवर दोनशे आणि दोन हजार यांत काही फरक उरत नाही.

त्याच्यासाठी आम्ही सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्ज केला, म्हणजे रिव्हिजन: खालचा निकाल कायद्याला धरून आहे का हे वरच्या कोर्टाने तपासावे, अशी मागणी. रिव्हिजनची मुदत नव्वद दिवसांची, म्हणजे ती कधीच उलटून गेली होती. आधी विलंब माफीचा अर्ज. मग मूळ कागदपत्रे मागवली. ती पाहिली आणि मला खूप वाईट वाटले. कबुलीचा नमुना छापील होता. त्यावर "मला गुन्हा कबूल आहे" हे आधीच छापलेले, मोकळी जागा फक्त नावापुरती. सहा आरोपी, सहा कागद, सगळ्यांवर एकच वाक्य, स्वल्पविरामासकट. आता कायदा बघा. सीआरपीसीचे कलम २५२ घ्या किंवा नव्या संहितेचे २७५. आरोपीची कबुली शक्यतो त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्या मुलाचे शब्द "मी काकाले बोलवाले गेलो होतो" हे होते. ते शब्द कागदावर उमटले असते, तर दंडाधिकाऱ्यांनी कबुली घेतलीच नसती. ते शब्द त्याच्या तोंडातून कोर्टासमोर निघू दिले नाहीत ते मी, त्याच्या वकिलाने.

दुसरी गोष्ट त्याच फाइलमध्ये पहिल्या पानावर होती. घटनास्थळ म्हणून एका खासगी शेताचा गट नंबर लिहिला होता. कलम १२ (अ) लागायला रस्ता हवा, वहिवाटीची जागा हवी, किंवा लोकांना येण्याजाण्याची मुभा आहे अशी जागा हवी. धुऱ्यापासून आत, मालकाच्या शेतातली बाभूळ ही अशी जागा आहे का, हा निदान विचारण्यासारखा प्रश्न होता. मी तो पंचनामा २०१९ मध्ये वाचला होता. वाचला म्हणजे नजर फिरवली होती.

सत्र न्यायालयाने विलंब माफ केला, कबुलीवरची शिक्षा रद्द केली आणि केस त्याच्यापुरती पुन्हा चालवायला खाली पाठवली. आता त्याने गुन्हा नाकबूल केला आहे. भरतीची ती यादी केव्हाच संपली.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण अशा मुलांचे वडील आपल्याकडे येतात तेव्हा आपण हात वर करतो. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने अवतार सिंग खटल्यात पडताळणी फॉर्ममध्ये माहिती लपवण्याबद्दल निकाल दिला आहे. लपवलेला गुन्हा क्षुल्लक असेल आणि तो आधी सांगितला असता तरी त्या पदाला माणूस अपात्र ठरला नसता, तर त्याला शिक्षा झालेली असली तरी नोकरी देणारा ती चूक माफ करू शकतो, असे त्यात आहे. 'करू शकतो' एवढेच आहे, 'केलेच पाहिजे' असे नाही. पण अर्जात हा निकाल लिहिलाच नाही, तर समोरचा अधिकारी तो शोधायला जाणार नाही. आणि पक्षकाराला निदान एवढे सांगा की फॉर्ममध्ये खरे लिही. मूळ दोनशे रुपयांच्या शिक्षेपेक्षा 'नाही' या दोन अक्षरांनीच या मुलाचे जास्त नुकसान केले.

तुम्ही म्हणाल, मॅडम, बोर्डावर रोज शंभराच्या घरात केसेस असतात, मजुरी बुडवून आलेला माणूस आठ तारखा कशा करणार? हे मला पटते. तारखेला आलेल्या माणसाची दिवसाची मजुरी जाते, वरून येण्याजाण्याचे भाडे. काही पक्षकारांनी खरेच खेळलेले असते आणि त्यांना विषय संपवायचा असतो. त्यांना भांडायला लावा असे मी म्हणत नाही. पण कबूल करायचेच असेल तर त्याच अर्जात १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाचे कलम ३ मागा. दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात, आधी शिक्षा झालेली नसेल, तर कोर्ट समज देऊन सोडू शकते. आणि त्याच कायद्याचे कलम १२ सांगते की अशा रीतीने सोडलेल्या माणसाला शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. दोषी ठरल्याची नोंद त्याने पुसली जात नाही, हेही पक्षकाराला सांगा, खोटी आशा लावू नका. पण दोनशे रुपयांची पावती घेऊन जाणे आणि समज घेऊन जाणे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. कलम ११ नुसार हा आदेश अपिलात आणि रिव्हिजनमध्येही होऊ शकतो. जिथे फक्त शिक्षेविरुद्धच अपील उरले आहे, तिथे मागण्यासारखे हेच आहे. आपल्या तालुक्यात किती वकिलांनी जुगाराच्या केसमध्ये हा अर्ज दिला असेल? मी स्वतः एकवीस वर्षांत एकदाही दिला नव्हता.

आता अपील जिथे आहे, तिथली गोष्ट. कारण तिथेही आपण लोकांना घाबरवतो.

एसटीतून निवृत्त झालेले एक चालक. त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत चार सोबती रोज दुपारी पत्ते खेळायचे. छापा पडला, जुगार कायद्याचे कलम ४ (जुगाराचा अड्डा चालवणे) आणि ५ (अड्ड्यावर खेळणे) लागले. खालच्या कोर्टात मी केस चालवली आणि हरले. एक महिना कैद आणि दंड. काका निकाल ऐकून खाली बसले ते उठेचनात. कोणीतरी त्यांना सांगितले होते की अपिलात गेलात तर एकाचे तीन महिने होतात. हा समज गावोगाव आहे, आणि वाईट वाटते ते याचे की तो पसरवणाऱ्यांत आपलेही काही सहकारी आहेत. आरोपीच्या स्वतःच्या अपिलात सत्र न्यायालयाला शिक्षा वाढवता येत नाही. सीआरपीसीच्या ३८६ मध्ये तेच होते, नव्या ४२७ मध्येही तेच आहे. शिक्षा वाढवून हवी असेल तर सरकारला वेगळे यावे लागते. काकांना मी ते कलम मोबाइलवर मराठीत वाचून दाखवले, तेव्हा ते उठून उभे राहिले.

शिक्षा तीन वर्षांपर्यंत असली आणि अपील करायचे आहे असे सांगितले, की ज्या कोर्टाने शिक्षा दिली तेच कोर्ट अपिलापुरता जामीन देते. पूर्वीचे ३८९, आता ४३०. त्यासाठी त्याच दिवशी अर्ज तयार लागतो. निकालाच्या दिवशी मी तो टाइप करून पिशवीतच ठेवते, निर्दोष सुटणार याची खात्री असली तरी. सत्र न्यायालयात अपील करायला तीस दिवस मिळतात. नकला मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, म्हणून नकलेचा अर्ज निकालाच्याच दिवशी द्या, चार दिवसांनी नको.

काकांच्या अपिलात मुद्दा एकच होता आणि तो मी खालच्या कोर्टात उलटतपासातच पेरून ठेवला होता. जुगार कायद्याचे कलम ७ फार जड आहे. घरात पत्ते सापडले की ते घर जुगाराचा अड्डा आहे आणि तिथली माणसे खेळायलाच आली होती असे गृहीत धरायचे, कोणाला खेळताना प्रत्यक्ष पाहिले नसले तरी. उलटे सिद्ध करणे आरोपीवर. पण हे गृहीतक फुकट मिळत नाही. ते मिळायला कलम ६ प्रमाणे, अधिकार असलेल्या अधिकाऱ्याच्या विशेष वॉरंटवर छापा पडलेला असावा लागतो. मी विचारले होते, "वॉरंट कुठे आहे?" उत्तर आले, "स्टेशन डायरीला नोंद आहे." वॉरंट कोर्टापुढे आलेच नाही. ते कोणी दिले, कोणाच्या नावे दिले, काहीच नाही. सत्र न्यायालयाने म्हटले, वॉरंट सिद्ध नाही तर गृहीतकही नाही; आणि गृहीतक काढून घेतले की उरते काय, तर पाच म्हातारी माणसे आणि पत्त्यांचा एक कॅट. मालक खेळातून काही कमावत होता याचा पुरावा नव्हता. सगळे निर्दोष. काकांनी निकालाची नक्कल कापडाच्या दुकानाच्या पिशवीत गुंडाळून नेली. अजून देव्हाऱ्याखालच्या कपाटात आहे म्हणतात.

या बाबतीत आपल्याकडे जुना आणि भक्कम आधार आहे. सिकंदराबादच्या एका करमणूक क्लबमध्ये १९६३ साली छापा पडला होता. पैशावर रमी चालली होती. दंडाधिकाऱ्यांनी शिक्षा दिली. सत्र न्यायाधीशांनी ती रद्द करण्याची शिफारस हायकोर्टाकडे केली, हायकोर्टाने ती मानली, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि हरले. तोच हा आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण खटला. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, हे वाक्य आज सगळे त्यातून उचलतात. त्याच निकालात तीन पत्त्यांच्या फ्लशला निव्वळ नशिबाचा खेळ म्हटले आहे, ते मात्र सोडून देतात. आपल्या कायद्याच्या कलम १३ मध्येही निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. म्हणून पंचनाम्यात खेळाचे नाव काय लिहिले आहे ते बघा. तिरट, झन्नामन्ना, अंदर बाहर असे काही आहे की नुसते 'हारजीतचा खेळ'? खेळ कोणता हे फिर्यादीला माहीतच नसेल, तर तो नशिबाचा होता हे त्याने कशावरून ठरवले? हा प्रश्न उलटतपासात विचारला नाही, तर अपिलात तो मुद्दा हवेतच राहतो. अपील वरच्या कोर्टात जिंकले जाते, पण ते खालच्या कोर्टातच लिहिले जाते. कबुली दिली तर लिहायला काही उरतच नाही.

जुगाराची बाजू मी घेते आहे असे कोणी समजू नये. मटक्याने उद्ध्वस्त झालेली घरे मी माझ्याच ऑफिसात पाहते. पोटगीच्या निम्म्या केसेसमध्ये नवऱ्याच्या खिशातून आकड्याच्या चिठ्ठ्या निघतात. मुंबईतून १९६० च्या दशकात सुरू झालेला हा धंदा आज मोबाइलवर पोहोचला आहे. पण इतक्या वर्षांत माझ्यासमोर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला तो चिठ्ठी लिहिणारा, पानटपरीवरचा पोरगा, नाहीतर बाभळीखालचा मजूर. धंदा ज्याचा, तो कधी आला नाही. कायदा कडक हवा की नको हा वेगळा विषय. ज्याला धरले त्याची केस नीट चालली पाहिजे, एवढाच माझा आग्रह आहे.

आणि आता हे जास्त निकडीचे झाले आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ११२ लागू आहे. किरकोळ संघटित गुन्हा असे त्याचे नाव. त्यात टोळीने केलेल्या चोरी आणि फसवणुकीच्या रांगेत विनापरवाना सट्टा आणि जुगारही आहे. शिक्षा एक ते सात वर्षे. आज दोनशे रुपयांत कबूल केलेली केस उद्या अशा गुन्ह्यात 'याच्यावर आधीचे गुन्हे आहेत' म्हणून जामिनाच्या अर्जाला चिकटून येते. तो दिवस आला की पक्षकार आपल्याला विचारणार, मॅडम, तुम्हीच तर म्हणाला होता.

मोफत विधी साहाय्यावर काम करणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना वेगळे सांगते. १९८६ च्या सुक दास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षाच रद्द केली, कारण गरीब आरोपीला मोफत वकील मिळतो हे कोणी सांगितलेच नव्हते. वकील मिळाला पण त्याने काहीच समजावले नाही, तर त्या माणसाच्या दृष्टीने काय फरक पडला? लोकअदालतीच्या आणि विशेष मोहिमेच्या दिवशी सगळ्यात जास्त कबुल्या होतात. त्या दिवशी निदान दाराशी उभे राहून प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा: तू खरेच खेळत होतास का? नोकरीचा, भरतीचा फॉर्म भरणार आहेस का? याला पुढे अपील नाही हे तुला कळले का? एका माणसाला दोन मिनिटे लागतात. मी मोजून पाहिले आहे.

आमच्या तालुका वकील संघात मी एक प्रस्ताव दिला आहे. छापील कबुलीच्या नमुन्यावर सही करण्याआधी एक मराठी पान पक्षकाराला वाचून दाखवायचे आणि त्याच्या मागे वकिलाची सही घ्यायची. त्यात काय लिहायचे यावर आमच्यात अजून वाद चालू आहे. काहींना वाटते की यामुळे कबुल्या कमी होतील आणि बोर्ड वाढेल. कदाचित वाढेल. तुमच्या तालुक्यात असे काही केले असेल, किंवा त्या पानावर काय असावे याबद्दल काही सुचत असेल, तर कृपया कळवा. कोर्टात भेटून सांगितलेत तरी चालेल.

त्या मुलाची पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. पहिला पंच तपासायचा आहे. शेताच्या मालकाचा सातबारा मी काढून आणला आहे आणि या वेळी पंचनामा ओळीनओळ वाचला आहे.

आपली,
विदर्भातल्या एका तालुका कोर्टात वकिली करणारी एक सहकारी